धर्मशाळेला सिमेंट नको, चुनाच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवडमार्गे पंढरपूरला जाणाऱ्या वाटेवर, आमच्या गावाच्या वेशीबाहेर एक जुनी दगडी धर्मशाळा उभी आहे. तिच्या सुशोभीकरणाचे काम मंजूर झाल्याचे नुकतेच कळले. भिंतींना सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट, ओवरीत, म्हणजे कमानींमागच्या पडवीत, गुळगुळीत फरशी आणि दर्शनी कमानीवर अहिल्यादेवी होळकरांच्या नावाची पाटी, असे त्या कामाचे स्वरूप आहे. काम सुरू होण्याआधी चार गोष्टी संबंधितांच्या कानावर जाव्यात, म्हणून हे पत्र.

ही वास्तू पाच खणांची आहे. कमरेइतके उंच घडीव दगडाचे जोते, समोर पाच कमानी, आत सलग ओवरी आणि मागे एकही खिडकी नसलेली हातभर जाडीची भिंत. ही पाठ मुद्दाम पश्चिमेला केलेली आहे, कारण पावसाची झड तिकडूनच येते. आषाढीच्या सुमारास भर पावसात ओवरीत बसले तरी अंगावर थेंब येत नाही, हे मी लहानपणापासून अनुभवले आहे. प्रत्येक खणात दोन कोनाडे आहेत, एक पणतीसाठी आणि एक गाठोड्यासाठी. पणतीच्या कोनाड्यांत तेलाचा काळा थर दगडात इतका मुरला आहे की बोट फिरवले तर आजही तुकतुकीत लागतो. जोत्याच्या टोकाला दगडातच आरपार भोके पाडलेली आहेत. बैलांची दावी त्यांतून ओवून बांधत, आणि दोरीच्या घासण्याने त्या भोकांच्या कडा गोल झाल्या आहेत. समोर जनावरांना पाणी पाजण्याची दगडी डोणी आहे. जनावरांच्या माना जिथे टेकत, तेवढाच तिचा काठ झिजला आहे.

1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि सातारा राजधानी झाली, तेव्हापासून या भागातल्या वाटांवरची वर्दळ वाढली. पंढरीची वारी, शिखर शिंगणापूरची चैत्री यात्रा, बाजारहाट आणि सरकारी टपाल या सगळ्यांना मुक्कामाला जागा लागे. पायी चालणारा दिवसाकाठी आठ-दहा कोस जाई, म्हणून साधारण तेवढ्या टप्प्यावर पाणी पाहून धर्मशाळा बांधली जाई. पुढे पुणे-मिरज रेल्वे आली, 1948 पासून एसटी धावू लागली, आणि मुक्काम करणाराच उरला नाही.

आता मुख्य मुद्दा. अशा भिंती बाहेरून अखंड दगडाच्या वाटतात, पण त्यांना आत आणि बाहेर घडीव दगडाची अशी दोन अंगे असतात आणि मध्ये चुन्यात बसवलेली डबर, म्हणजे ओबडधोबड दगडांची भर, असते. वरून झिरपलेले पाणी चुन्याच्या दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, हळूहळू बाहेर पडून वाळते. त्यावर सिमेंट चढवले की ती वाट बंद होते. मग ओल आतच साठते, डबर ढिली होते, भिंतीला पोट येते आणि शेवटी दर्शनी दगड सुटतात. तालुक्यातल्या एका जुन्या देवळाची ओवरी अशाच डागडुजीनंतर काही पावसाळ्यांतच फुगलेली मी पाहिली आहे. याउलट साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहा. अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात शाहू महाराजांच्या परिवारातल्या वीरूबाईंनी बांधलेली ती विहीर सतत पाण्यात राहूनही धड उभी आहे. कळीचा चुना पाण्यात विझवून, वाळूसह घाण्यात मळून आणि पुरेसा मुरवून वापरला, तर तो हवेतला वायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो. हे काम वेळखाऊ आहे, हे मान्य. पण धर्मशाळा सहा महिन्यांत बांधली गेली नव्हती, तर तिची दुरुस्ती तरी सहा आठवड्यांत का उरकायची?

पाटीबद्दलही लिहिणे भाग आहे. अहिल्यादेवींनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्यांच्याबद्दल मनात अपार आदर आहे. पण म्हणून रस्त्याकडेची प्रत्येक जुनी ओवरी त्यांच्या नावावर लावणे त्यांना शोभणारे नाही. गावोगावच्या पाटलांनी, सावकारांनी, विधवा स्त्रियांनीही पुण्यकर्म म्हणून अशा वास्तू उभारल्या. आमच्या धर्मशाळेत शिलालेख नाही. पाटीवर फक्त ‘जुनी धर्मशाळा’ असे लिहिले तरी पुरे.

संबंधित कार्यालयाला विनंती आहे की ऑइलपेंट आणि सिमेंट कामातून वगळावे, आधी वास्तूची मोजमापे आणि छायाचित्रे घ्यावीत, आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याकडूनच दरजा भरून घ्याव्यात. त्याहून तातडीचे म्हणजे छपरावर उगवलेली पिंपळाची दोन रोपे मुळासकट काढून तिथली पन्हाळ मोकळी करावी, कारण मृगाचा पाऊस तोंडावर आला आहे. रस्ता रुंद करताना डोणी हलवावी लागलीच, तर ती मोडीत न काढता जोत्याशेजारी पुन्हा बसवावी.

आपला,
एक वाचक, ता. कोरेगाव, जि. सातारा