काढा वेगळा, इंजेक्शन वेगळे

लहान मुलांच्या 'हँड, फूट अँड माउथ' आजारावरील चिनी पारंपरिक उपचारांची ओळख करून देणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. माहिती चांगली आहे. पण उपचार जुने आहेत म्हणून निर्धोक आहेत, हा त्यातील सूर पटला नाही.

चिनी वैद्य या आजाराकडे उष्णता आणि ओलसरपणाचा विकार म्हणून पाहतात. तोंडातले व्रण, तळहात-तळपायांवरचे फोड आणि ताप यांवर हनीसकलच्या कळ्या, फॉर्सिथियाची फळे वगैरेंचा काढा देतात. तो झाला पारंपरिक भाग. मात्र तिथल्या रुग्णालयांत याच आजारासाठी 'शियानपिंग' हे इंजेक्शनही वापरले गेले. ते कालमेघातील (आपल्याकडचे ओले किराईत) घटकापासून बनते. वनस्पती जुनी खरी, पण तिचा अर्क थेट रक्तात सोडणे ही अगदी अलीकडची पद्धत! सप्टेंबर २०१७ मध्ये रुग्णांना थंडी वाजून ताप आल्याच्या तक्रारींनंतर चीनच्या औषध नियामकानेच या इंजेक्शनचे काही साठे परत घ्यायला लावले. पुढच्या वर्षी एक वर्षाखालील बाळांना ते देण्यास मनाई झाली. लेखात याचा उल्लेखही नाही.

शिवाय बहुतेक मुले या आजारातून सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होतात. त्यामुळे 'काढ्याने गुण आला' हे तुलनात्मक चाचणीशिवाय म्हणता येत नाही. गंभीर आजार घडवणाऱ्या ईव्ही-७१ विषाणूवर चीनने डिसेंबर २०१५ मध्ये लस मंजूर केली. लेखमालेच्या पुढील भागात तिच्याविषयीही लिहावे, ही विनंती.

– एक निवृत्त औषधनिर्माता, सांगली