27 तारखेला किल्ली मिळेल

शिकागो,
3 ऑगस्ट 2025

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर घराचा विषय निघाला की एक तर लाइन कटते, नाहीतर आईच्या कुकरच्या शिट्ट्या होतात. म्हणून शेवटी लिहायलाच बसले. माझं आणि मारिसोलचं घर ठरलं, बाळ यायच्या आत. 27 तारखेला, म्हणजे नेमकं गणेश चतुर्थीच्या दिवशी, किल्ली हातात येईल. मुहूर्त आम्ही काढलेला नाही, बँकेने काढलाय.

गावाचं नाव बर्विन. शिकागोच्या पश्चिमेला, कोल्हापूरला उचगाव जसं जवळ आहे तसं. वस्ती सत्तावन्न हजारांची. लोकलने शहराच्या मोठ्या स्टेशनात वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येतं.

बाबा, मे महिन्यात तुम्ही विचारलं होतंत, "एवढी वणवण कशाला? भाव बघा, शाळा बघा, घेऊन टाका." तुम्ही साने गुरुजी वसाहतीत प्लॉट घेतलात तेव्हा तसंच केलं होतंत. पण तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नाही, की यातला नवरा कोण आणि ही दुसरी कोण. आमची यादी तिथून सुरू होते. भाव आणि शाळा नंतर.

आणि गंमत म्हणजे हे सांगायला एजंट तयार नसतो. म्हणजे त्याला सांगताच येत नाही. घर विकताना-देताना भेदभाव करू नये असा कायदा इथे 1968 साली झाला. पूर्वीचे एजंट काळ्या लोकांना एकीकडे न्यायचे आणि गोऱ्यांना दुसरीकडे, ते बंद व्हावं म्हणून. त्यामुळे आता "या गल्लीत आमच्यासारख्या दोघी राहतात का?" असं विचारलं की आमची एजंटबाई छताकडे बघते. "मी काही बोलू शकत नाही. तुम्ही स्वतः जा, वेगवेगळ्या वेळी जा, नुसतं बघा," एवढंच म्हणाली. मग आम्ही दोघी सहा महिने तेच करत होतो. शनिवारी सकाळी लायब्ररीत, मंगळवारी तीनला शाळा सुटते तेव्हा गेटपाशी, रविवारी बागेत. बागेत दोन बाया किंवा दोन बाप्ये झोपाळ्याला झोके देताना दिसले की मारिसोल माझ्या कोपराला ढोसायची. एका उपनगरात पाळणाघराचा फॉर्म मागितला. त्यावर दोनच रकाने, आई आणि वडील. तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "तुमच्यातल्या एकीने वडिलांच्या रकान्यात सही केली तरी चालेल." वाईट मनाने नाही म्हणाल्या. पण दर सहा महिन्यांनी कुणाला तरी वडील व्हायला लागणार, हे गाडीत बसता बसता कळून चुकलं.

आई, तुझं म्हणणं नेपरविलला घ्या, तिथे आपली माणसं आहेत. आहेतच. मराठी बोलणारी मुलं आहेत, शाळा उत्तम आहेत, गणपतीला उकडीचे मोदक मिळतात. गेल्या वर्षी मी मारिसोलला आरतीला घेऊन गेले. एका काकूंनी तिच्या हातावर प्रसाद ठेवला आणि मला विचारलं, "ही रूममेट का गं?" मी सांगितलं, बायको. त्या "अच्छा अच्छा" म्हणाल्या आणि जेवणाच्या रांगेत आमच्या मागे होत्या त्या चार माणसं सोडून उभ्या राहिल्या. त्याच रात्री दुसऱ्या एका काकांनी आम्हाला दोन डबे भरून दिले, हेही सांगते. पण बाळाने दर वेळी काकू निघतात की काका याची वाट बघावी, असं मला नको होतं. शिवाय तिथले भाव! गणपतीला जाऊच. बर्विन आणि नेपरविल एकाच रेल्वेमार्गावर आहेत.

मनात बसलं होतं ते खरं ओक पार्क. बाबा, हा भाग तुमच्यासाठी. 1997 मध्ये, देशात कुठेच आमच्यासारख्यांचं लग्न होत नव्हतं तेव्हा, त्या गावाने अशा जोडप्यांची नोंदवही उघडली. 2001 मध्ये तिथे एक उघडपणे समलिंगी असलेली बाई गावाची प्रमुख म्हणून निवडून आली. मला वाटलं, पहिल्यापासूनच चांगलं असेल हे गाव. मग पर्सी ज्युलियन यांच्याबद्दल वाचलं. बारावीला इतकी वर्षं केमिस्ट्री शिकवलीत, तेव्हा नाव तुमच्या कानावर असेल. काळे रसायनशास्त्रज्ञ. काचबिंदूवरचं फायसोस्टिग्मिन 1935 साली प्रयोगशाळेत बनवणारे तेच. त्यांनी 1950 मध्ये ओक पार्कला घर घेतलं. राहायला जायच्या आधीच कुणीतरी ते जाळायचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी जूनमध्ये घरावर डायनामाइट फेकलं, मुलं घरात असताना. ज्युलियन घर सोडून गेले नाहीत. आज तिथल्या एका शाळेला त्यांचं नाव आहे.

आणि बाबा, ऐका. सोयाबीनपासून प्रोजेस्टेरॉन मोठ्या प्रमाणावर बनवायची रीत याच माणसाने शिकागोत बसवली. आपल्या शिरोळ-हातकणंगल्याला पिकतं तेच सोयाबीन. दोनदा हाती काही लागलं नाही आणि तिसऱ्या खेपेला मारिसोलला दिवस राहिले, तेव्हा डॉक्टरांनी पहिले तीन महिने रोज रात्री तेच प्रोजेस्टेरॉन दिलं होतं. मी डबीवरचं नाव वाचायचे आणि मला ते घर आठवायचं.

तरी ओक पार्क झालं नाही. तीन खोल्यांचं जुनं घर 4,90,000 डॉलर, आणि वर्षाचा घरफाळा चौदा हजारांच्या वर. आकडा बघून मारिसोल म्हणाली, आपल्याला बोलावतात खरं, पण बसायला जागा देत नाहीत. ओक पार्कच्या दक्षिणेला रूझवेल्ट रोड आहे. तो ओलांडला की बर्विन लागतं. तशीच विटांची बैठी घरं, 1920 च्या दशकात एकासारखं एक बांधलेली. आमचं 1926 चं आहे, 3,20,000 ला मिळालं, घरफाळा साडेआठ हजारांच्या आतबाहेर. व्याज पावणेसात टक्के, ते तुम्हाला आवडणार नाही. घरफाळा इथे एक वर्ष मागे चालतो, यंदा भरायचा तो गेल्या वर्षाचा, दोन हप्त्यांत. दर तीन वर्षांनी घराची किंमत नव्याने ठरवतात, त्यामुळे हा आकडा चढणार हे धरूनच हिशेब मांडलाय. कागद वेगळा पाठवते, लाल पेनने बघाच.

हे गाव पूर्वी चेक लोकांचं. अजून दर शरद ऋतूत अळंब्यांची जत्रा भरते. आता निम्म्याहून जास्त लोक मेक्सिकोकडचे. मारिसोलची आई शेजारच्या सिसेरोत, गाडीने दहा मिनिटांवर. आई, तुला वाटतं ना, त्यांना काय, अमेरिकेतली माणसं, त्यांना सगळं चालतं? त्या बाईने मारिसोलचा फोन दोन वर्षं उचलला नव्हता. दर रविवारी चर्चला जाऊन मुलीसाठी मेणबत्ती लावायची, पण मुलीशी बोलायची नाही. आता मक्याच्या पानात गुंडाळलेले तामाले घेऊन येते आणि माझ्या आमटीत मीठ कमी आहे म्हणते. तुमची दोघींची गाठ पडली की माझं काही खरं नाही.

घर पक्कं करण्याआधी आम्ही एकदा सांजेला त्या गल्लीत गेलो. शेजारचे म्हातारे पायरीवर बसून पाणी घालत होते. विचारलं, बहिणी का? मारिसोल म्हणाली, नाही, लग्न झालंय आमचं. त्यांनी नळी बंद केली, आम्हाला दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मग बर्फ कोण काढणार?" इथे दारापुढचा बर्फ ज्याचा त्याने काढायचा असतो. मी म्हटलं, मी. ते म्हणाले, फावडं चांगलं घे, स्वस्तातलं मोडतं. एवढंच. परतताना आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

घराच्या खोडी पण लिहिते, लपवून ठेवत नाही. तळघरात पाणी येतं. इथे पावसाचं आणि सांडपाण्याचं गटार एकच असल्याने मोठा पाऊस झाला की उलटं चढतं. 2019 च्या पंचगंगेच्या पुरासारखं नाही, घाबरू नका. पंप बसवणार आहोत. 1978 च्या आधीच्या घरांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून बाळ रांगायच्या आत खिडक्यांचा रंग तपासून काढून घेणार. घर आम्हा दोघींच्या नावे होतंय, आणि लग्नाच्या जोडीदारांसाठी इथे एक खास प्रकार आहे, त्यात एकीच्या एकटीच्या कर्जापायी राहत्या घरावर टाच येत नाही. वकील ते वाचून दाखवत होता तेव्हा मला तुमचा गॅस एजन्सीत जामीन राहायचा किस्सा आठवला.

आता एक गोष्ट, जी फोनवर सांगायला धीर झाला नाही. बाळाच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून दोघींची नावं लागतील. तरीही वकिलाच्या सांगण्यावरून मी कोर्टात जाऊन बाळाला रीतसर दत्तक घेणार आहे. माझंच बाळ, मीच दत्तक. आई, डोक्याला हात लावू नकोस. दाखला हा नुसता कागद, उद्या एखाद्या राज्यात कुणी हरकत काढली तर? कोर्टाचा हुकूम सगळ्या राज्यांना मानावा लागतो. आणि दत्तक म्हटल्यावर आपल्याकडे चेहरे का पडतात कळत नाही. ज्यांच्या नावाची शाळा, बोर्डिंग, मिल सगळं आपल्या गावात आहे ते शाहू महाराज 1884 साली दत्तकच आले होते की.

"पुण्यात का नाही राहत?" हेही तुम्ही दोघांनी विचारून झालंय. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने आमच्यावरचा गुन्हा काढला, त्याच आठवड्यात मी तुम्हाला सांगितलं. म्हणजे मला धीर यायला पाच न्यायाधीश लागले. पण 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच कोर्टाने लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलं. आमचं 2019 चं लग्न पुण्यात उतरलं की लग्न राहत नाही. दत्तक घ्यायला जोडप्याचं लग्न लागतं, मूल होण्यासाठीच्या उपचारांच्या 2021 च्या कायद्यात जोडपं म्हणजे नवरा-बायकोच. तिथे बाळाची एकच आई आणि दुसरी पाहुणी. मी पाहुणी व्हायला तयार नाही.

घरातली मागची खोली तुमची. जिना चढावा लागत नाही, बाबांच्या गुडघ्यांसाठी तेच आधी पाहिलं. पूर्वेला खिडकी आहे, तुळस जगेल असं वाटतं, निदान उन्हाळ्यात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख दिलीय डॉक्टरांनी. थंडी कडाक्याची असेल, तेव्हा मार्चमध्ये या. व्हिसाचा अर्ज आत्ताच भरायला हवा. त्यात कुणाकडे जाणार हे लिहावं लागतं आणि मुंबईला खिडकीवर विचारतातही. काय सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मी काही सुचवत नाही.

बाळाने आम्हाला काय म्हणायचं, यावर मात्र रोज हसतो. मला आई. मारिसोलला तिच्या भाषेत "ममा", पण तिच्या माहेरी तो शब्द असा काही ओढून म्हणतात की मला "मामा"च ऐकू येतं. म्हणजे आपल्याकडे ते पोर भर मांडवात आपल्या आईला मामा म्हणून हाक मारणार! दादाने आतापासूनच मामेपदाचा राजीनामा दिलाय.

आई, गेल्या रविवारी फोन ठेवताना तू म्हणालीस, "तिला म्हणावं, जिने जपून चढ." आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो हे तुझ्या लक्षात होतं. मी तिला शब्दाला शब्द सांगितलं. तेव्हापासून ती प्रत्येक जिन्यावर कठडा धरते आणि माझ्याकडे बघते.

डिंकाच्या लाडवांचं प्रमाण लिहून पाठव, "अंदाजाने" असं लिहू नकोस. आणि दिवाळीचा फराळ नव्या पत्त्यावर येऊ दे. दर वर्षी पार्सलवर माझं एकटीचं नाव असतं. या वेळी दोघींची घाल. तिचं आडनाव इंग्रजीत कसं लिहायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, कुरियरवाल्याकडून एकदा वाचून घे.

तुमची,
मधू