ती पिन कुणाची?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संभाजीनगरजवळच्या बिडकीनला टोयोटाचा मोटारींचा कारखाना येणार म्हटल्यापासून आमच्या भागात जमिनीच्या भावाशिवाय दुसरा विषय नाही. २०२४ मध्ये करार झाला तेव्हा पैठण रोडवरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा हजारो कोटींचे आकडे ऐकू येत होते. कारखाना यावा, मराठवाड्यातल्या पोरांच्या हाताला काम मिळावं, यात दुमत नाहीच. पण मी वाळूजला एकोणतीस वर्षं वेल्डिंग लाइनवर काढली, त्यातली बरीचशी सुपरवायझर म्हणून. मला त्या कंपनीची दुसरीच गोष्ट मोठी वाटते. लाइनवरच्या कामगारांकडून सुधारणा मागवायची पद्धत त्यांनी १९५१ मध्ये सुरू केली. तेव्हा ती बलाढ्य कंपनी नव्हती. आदल्याच वर्षी कर्ज, कपात आणि संप यांतून कशीबशी सावरली होती.

नोकरीत राहून उद्योजकासारखं डोकं चालवणं, याला व्यवस्थापनाच्या वर्गात इंट्राप्रेन्युअरशिप म्हणतात. आमच्याकडे त्याला 'जुगाड' म्हणायचं आणि विसरून जायचं.

एक प्रसंग सांगतो. आमच्या लाइनवर दुचाकीचे डावे-उजवे ब्रॅकेट यायचे. दिसायला सारखे, फरक फक्त एका भोकाच्या जागेचा. रात्रपाळीत डोळ्यावर झोप आली की उलटा ब्रॅकेट वेल्ड व्हायचा आणि सकाळी रिजेक्शनचा ढीग. गंगापूर तालुक्यातला एक आयटीआय झालेला पोरगा ठेकेदाराकडून आमच्याकडे लागला होता. एके रात्री म्हणाला, "साहेब, इथं एक पिन मारू का?" मोडक्या ड्रिलचा दांडा त्याने ग्राइंडरवर घासला आणि त्या भोकाच्या जागी फिक्स्चरमध्ये, म्हणजे वेल्डिंगसाठी भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यात, बसवला. आता उलटा ब्रॅकेट बसेचना. तो ढीग त्या रात्रीपासून बंद झाला.

पुढे टूलरूमने, म्हणजे हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागाने, तीच पिन नीट बनवून सगळ्या फिक्स्चरला लावली. क्वालिटी सर्कलच्या, म्हणजे कामात सुधारणा सुचवणाऱ्या कामगार-गटांच्या, स्पर्धेत बक्षीस मिळालं, फोटो निघाले. त्याचं नाव कुठेच नव्हतं, कारण तो कंपनीच्या पटावर नव्हता. तोवर त्याला 'ब्रेक'ही मिळाला होता, म्हणजे कामावरून कमी केलं होतं. स्पर्धेला पाठवलेल्या त्या प्रस्तावाच्या कागदावर माझी सही आहे. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, ही टोचणी अजून आहे.

वर्षात २४० दिवस भरले की कायद्याने सलग नोकरी धरली जाते, म्हणून ते भरू द्यायचे नाहीत, ही चाल जुनी आहे. त्यात कामगाराचं नुकसान होतं हे सगळे जाणतात, पण कारखान्याचंही होतं. मशीनची खोड कळायला चार-सहा महिने जातात. ती कळली, डोकं चालायला लागलं, की माणूस गेटबाहेर. त्या पोराच्या मनात ट्रॉलीच्या उंचीबद्दल आणखी एक कल्पना होती. ती त्याच्याबरोबरच गेली.

'मेक इन इंडिया'त २०२२ पर्यंत देशाच्या उत्पन्नातला कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचा होता. आपण त्याच्या जवळपासही पोचलो नाही. भांडवल, वीज, रस्ते ही कारणं खरीच. पण आहे त्याच मशीनवर जास्त आणि चांगला माल काढायची अक्कल लाइनवर उभी असते, तिला कुणी विचारत नाही. जर्मनीत नोकरदाराने लावलेल्या शोधाचा योग्य मोबदला द्यावा, असा कायदा १९५७ पासून आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात शोधकर्त्याचं नाव नोंदवायची सोय आहे, मोबदल्याचं काहीच नाही. आमची पिन पेटंटच्या तोलाची नव्हती, हे मान्य. पण अशा शेकडो पिनांवरच कारखाना चालतो.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या उद्योजकांना आणि त्यांच्या संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे. सूचनापेटी ठेकेदाराच्या माणसालाही खुली करा. ज्याची सूचना लागू झाली त्याला ब्रेक देऊ नका, आणि पहिल्या वर्षी वाचलेल्या पैशातला ठरावीक हिस्सा त्याच्या खात्यात जमा करा. आठवड्यातून दोन तास टूलरूममध्ये बसायची मुभा द्या. आणि बक्षीस घ्यायला त्यालाच स्टेजवर बोलवा, गणवेशात.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर,
बजाजनगर, वाळूज