उमेदवारच तेवढे बेभरवशाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला एचआर प्रमुखांचा लेख वाचला. सॉफ्टवेअरवाले उमेदवार ऑफर लेटर घेतात आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन उचलत नाहीत, ही त्यांची तक्रार खरी आहे. माझ्या ओळखीतल्यांनीही हे केलंय. पण ते असं का करतात, याबद्दल एवढ्या मोठ्या लेखात एक ओळ नाही. एचआरमध्ये हयात घालवलेल्या माणसाला ते ठाऊक नसेल, असं मानायला मी तयार नाही.

मी पेमेंट सिस्टीमच्या बॅकएंडवर काम करते. मध्यंतरी अंधेरी पूर्वेच्या एका कंपनीने समक्ष इंटरव्ह्यूला बोलावलं. ऑनलाइन घेतला तर लोक एआयला विचारून उत्तरं देतात म्हणे. देतातही. म्हणून रजा टाकली आणि डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रो अशी गेले. (घाटकोपरच्या जिन्यावरच्या त्या चेंगराचेंगरीबद्दल आपल्या पेपरात शेवटचं कधी छापून आलं होतं? २०१४ मध्ये ही मेट्रो सुरू झाली ती चार डब्यांची. गर्दी वाढली, डबे वाढले नाहीत. असो.)

सकाळची वेळ दिली होती, आत बोलावलं जेवणानंतर. मुलाखत घेणारा माझ्याहून बराच लहान. त्याला माझी हरकत नाही. त्याने कागद पुढे सरकवला आणि बायनरी ट्री (दोन-दोन फांद्या फुटत जाणारी माहितीची मांडणी) उलटा करायला सांगितला. हेच जमलं नाही म्हणून गूगलने आपल्याला नाकारलं, असं प्रोग्रामर मंडळी सर्रास वापरतात ते होमब्रू नावाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेलने २०१५ मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं. मला जमलं, पण तोवर साहेब लॅपटॉपवर दुसरंच काही टाइप करत होते. पुढचा प्रश्न मात्र चांगला होता: नेटवर्क अडकून एकच पेमेंट रिक्वेस्ट दोनदा आली तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून काय कराल? हे तर माझं रोजचंच काम. तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तर ओळखू येणारी खूण, म्हणजे आयडेम्पोटन्सी की, इथपासून रात्री हिशेब ताडून पाहायच्या रिकन्सिलिएशनपर्यंत सगळं सांगितलं. तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

मग एचआरच्या बाई आल्या. आधी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागितल्या. (कॅलिफोर्नियात २०१८ पासून आधीचा पगार विचारायलाच कायद्याने बंदी आहे, आपल्याकडे तो कळल्याशिवाय पुढचा आकडा तोंडातून निघत नाही.) मग विचारलं, ‘‘नोटीस पिरियड?’’

‘‘नव्वद दिवस.’’

‘‘अरेरे. आम्हाला इमिजिएट जॉइनर हवाय, मॅडम. फार तर पंधरा दिवस.’’

नव्वद दिवस माझ्या रेझ्युमेवर लिहिलेले होते. त्यांच्या फॉर्ममध्ये भरलेले होते. फोनवरही विचारून झालं होतं. तुमच्या कंपनीचा नोटीस पिरियड किती, असं मी विचारलं. बाई जराही न हसता म्हणाल्या, ‘‘नव्वद.’’

आता लेखकमहाशयांनीच सांगावं. स्वतःच्या माणसाला तीन महिने सोडायचं नाही आणि दुसऱ्याकडचा माणूस मात्र पंधरा दिवसांत हवा, असा प्रत्येक कंपनीचा हिशेब. मग पोरं काय करतात? हातात काही नसताना राजीनामा टाकतात, कारण ‘नोटीस चालू आहे’ म्हटल्याशिवाय फोन येत नाहीत. एक ऑफर मिळाली तरी ती रुजू होईपर्यंत टिकेल याची खात्री नसते, म्हणून दुसरी घेतात, जमल्यास तिसरीही. शेवटच्या दिवशी त्यातली बरी असेल तिथे जातात. उरलेल्या कंपन्या मग पुरवणीत लेख लिहितात. घराचा हप्ता चालू असल्यामुळे माझी राजीनामा टाकायची हिंमत होत नाही, म्हणून मी त्यांच्या दृष्टीने अगदी भरवशाची. आणि नेमकी मीच त्यांना नको.

‘दोन दिवसांत कळवतो,’ असं म्हणाले होते. मी मेल केला, त्यालाही उत्तर नाही. तीच जागा जाहिरातीत अजून झळकते आहे. फोन न उचलण्याला लेखकांनी ‘संस्कारांचा अभाव’ म्हटलंय, तो शब्द इथेही चालेल का, हे त्यांना विचारून कळवावं.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

(कृपया नाव छापू नये. नोकरीचा शोध चालू आहे आणि आमच्या ऑफिसात आपलाच पेपर येतो.)