बस पुलाखालून जाते म्हणून बरंय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ ला मुंबईची भुयारी मेट्रो ३ पार कफ परेडपर्यंत सुरू झाली तेव्हापासून ऑफिसातली पोरं मला विचारतात, काकू तुम्ही अजून बसनेच? हो, बसनेच. मेट्रो मस्तय, गारेगार, पण भुयारात खिडकीबाहेर बघायचं काय, काचेत आपलंच तोंड दिसतं.

मी राहते डोंबिवलीला, माहेर लालबागचं. वडील गिरणीत होते, १९८२ चा संप झाला आणि आमचं पण बऱ्याच जणांसारखं झालं, खोली विकून कल्याणच्या पलीकडे नाही गेलो एवढंच. मावशी मात्र अजून आंबेडकर रोडवरच्या चाळीत आहे, पहिला मजला, रस्त्याकडची गॅलरी. शनिवारी तिच्याकडे जाताना मी मुद्दाम दादरला उतरून टीटीच्या सर्कलवरून बस पकडते. करी रोडला उतरले तर लवकर पोचेन हे मलाही कळतं.

या रस्त्यावर हिंदमाता, परळ, लालबाग असे एकामागून एक पूल आहेत. गाडीवाले वरून सुसाट. आमच्याकडचा एक मुलगा रोज लालबागच्या पुलावरून जातो, तो पूल २०११ चा, आणि त्याला भारतमाता थिएटर कुठे ते माहीत नाही! अरे बाबा रोज तिथूनच तर जातोस. बसला स्टॉप घ्यायचे असतात म्हणून ती बिचारी खालून जाते, आणि खालूनच सगळं दिसतं, कुठली चाळ गेली, कुठे पत्रे लागले, कुठल्या पत्र्यावर कुठल्या बिल्डरचा स्विमिंग पूल रंगवलाय.

लहानपणी डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की चाळींचा पहिला मजला अगदी तोंडासमोर यायचा. वाळत घातलेल्या साड्या, दाढी करणारे काका, गणपतीत गॅलरीत दाटीवाटीने उभी माणसं. त्या जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये संपल्या. पण समजा आज असत्या तरी वरून काय दिसलं असतं? नवीन टॉवरचे खालचे पाच-सात मजले म्हणजे पार्किंग. जिथे माणसं राहायची तिथे आता गाड्या राहतात, माणसं त्याच्या वर. आणि याच गाड्या सकाळी रॅम्पवरून खाली येतात आणि आमच्या बसच्या पुढे उभ्या राहतात. बेस्टचा ताफा एके काळी चार हजारांवर होता, आता तीन हजारही नाही, तिकीट मे २०२५ पासून कमीत कमी १० रुपये, एसीचं १२, आणि पार्किंगचे मजले मात्र वाढतायत. हे गणित कोणी मांडलं मला माहीत नाही, पण बसमध्ये बसणाऱ्याने नक्कीच नाही.

चाळींसाठी मी रडत नाहीये हं. वरळीच्या बीडीडी चाळीत ऑगस्ट २०२५ ला ५५६ कुटुंबांना १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या, फार बरं वाटलं. सकाळी बालदी घेऊन कॉमन संडासाच्या लाईनीत मी उभी राहिलेय, त्यात रम्य बिम्य काही नसतं.

एसी बसचं पण तसंच, मे महिन्यात जीव वाचतो, खोटं कशाला बोलू. फक्त खिडकी बंद. पूर्वी उन्हाळ्यात लालबाग आलं की डोळे मिटून पण कळायचं, मसाला गल्लीतल्या मिरचीचा ठसका लागून अख्खी बस खोकायची आणि कंडक्टर स्टॉपचं नाव न घेता नुसता हसायचा. आता कोणी खोकत नाही, स्टॉप चुकतात मात्र.

मावशीच्या चाळीचे पण पुनर्विकासाचे कागद झालेत. बाविसावा मजला मिळणार म्हणतात. ती खुश आहे, लिफ्ट आहे, संडास घरात आहे. फक्त परवा मी निघताना नेहमीसारखी गॅलरीत उभी राहिली, लांबून बसचा नंबर वाचून ओरडली, "आली गं तुझी, पळ!" आणि मग खाली वाकून म्हणाली, "तिकडून नंबर दिसायचा नाही बघ."

आपली एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)