तरुण स्त्रीला स्टॅटिन लिहून देताना एक प्रश्न विचारा

प्रति,
मा. मंत्री, लोक स्वास्थ्य व चिकित्सा शिक्षण विभाग,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,
सादर नमस्कार.

इंदूरच्या लोकमान्य नगरात माझं औषधांचं दुकान आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या पूर्वी साठीपुढची मंडळी न्यायची. आता तिशीच्या मुलीही येतात. कुणाला मधुमेह, कुणाला पीसीओएस (पाळी बिघडवणारा बीजकोशाचा विकार), तर कुणाच्या घराण्यातच कोलेस्टेरॉल. चिठ्ठीवर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असतं; कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. "इतक्यात मूल हवंय का?" असं मी विचारते, तेव्हा बऱ्याच जणी चमकतात. "काकू, त्याचा इथं काय संबंध?"

संबंध आहे. स्त्रीबीजं मुलगी आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि पेशीविभाजन अर्ध्यावर सोडून थांबतात. वयात आल्यावर दर पाळीत बहुधा एकच बीज ते विभाजन पुढे नेऊन पक्व होतं. कोलेस्टेरॉल बनण्याच्या वाटेवर एफएफ-मास नावाचा एक स्टेरॉल तयार होतो. तो थांबलेलं विभाजन पुन्हा सुरू करू शकतो, हे डेन्मार्कच्या संशोधकांनी १९९५ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं. स्टॅटिन ही वाट अगदी सुरुवातीलाच अडवतं. प्राण्यांच्या बीजांना प्रयोगशाळेत स्टॅटिन दिलं, तेव्हा त्यांचं पक्व होणं खोळंबलं.

प्रयोगशाळेच्या बशीतली मात्रा आणि गोळीतून बीजकोशापर्यंत पोचणारी मात्रा एक नव्हे. म्हणून भीतीचे फलक लावा, असं मी म्हणत नाही. पण स्त्रियांच्या शरीरात काय होतं, हे बघायचं कुणी? स्टॅटिनच्या १९९४ मधल्या गाजलेल्या '४एस' चाचणीत ४,४४४ रुग्ण होते. मूल होऊ शकेल अशा स्त्रियांना त्यातून वगळलं होतं. पुढच्या वर्षीच्या स्कॉटलंडमधल्या स्टॅटिन-चाचणीत ६,५९५ जण होते, सगळे पुरुष. औषध मात्र आमच्या मुली घेतात.

घाबरून गोळी टाकणंही धोक्याचं आहे. सुमारे अडीचशे माणसांत एकाचं कोलेस्टेरॉल आनुवंशिकतेमुळे जन्मापासूनच वाढलेलं असतं, आणि अशा मुलीला ऐन तरुणपणी हृदयविकार गाठू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये गरोदरपणातली सरसकट मनाई काढायला सांगितली ती अशाच अतिजोखमीच्या रुग्णांसाठी. बाकी बहुतेकींनी दिवस राहिल्याचं कळताच गोळी थांबवावी, हा सल्ला कायम आहे. ब्रिटनमध्ये गर्भधारणेच्या प्रयत्नाआधी तीन महिने थांबवायला सांगतात. आमच्याकडे एका मुलीला थांबवायला सांगितलं, पण पुन्हा कधी सुरू करायची हे कुणी सांगितलं नाही. बाळ चालायला लागलं तरी ती गोळीविनाच होती. माझा जीव सर्वांत जास्त तुटतो तो याच गोष्टीवर.

आपल्या एका आदेशाने एवढं होऊ शकेल: सरकारी दवाखान्यात पंचेचाळिशीच्या आतल्या स्त्रीला स्टॅटिन देताना मुलाचा विचार आहे का, हे विचारून चिठ्ठीवर लिहावं, थांबवायची असेल तर पुन्हा तपासणीची तारीखही त्याच चिठ्ठीवर असावी. इंदूरच्या एमजीएम आणि ग्वाल्हेरच्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयांत मेडिसिन व स्त्रीरोग विभागांनी मिळून, स्टॅटिन चालू असताना दिवस राहिलेल्या आणि वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्या स्त्रियांची, त्यांच्या संमतीने, नोंद ठेवावी. याला नवी इमारत लागत नाही की नवं यंत्र.

आपली,
एक औषधविक्रेती, इंदूर