हेडमास्तरांनी आधी स्वतःचा वर्ग उघडावा

संपादक महाशय,

2020 च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांना वर्षाला किमान 50 तास ट्रेनिंग सांगितलंय, ते ठीक, पण शाळेतल्या शाळेत एकमेकांकडून शिकायला वेळ कधी देणार? आमच्याकडे मीटिंग म्हणजे सर्क्युलर वाचून दाखवायचं, सही करायची, चहा-बटाटवडा, संपलं. पूर्वीच्या एका शाळेत मात्र हेडमास्तर स्वतः सातवीचं गणित घ्यायचे नि आम्हाला मागच्या बाकावर बसवायचे, एकदा अपूर्णांक शिकवताना गडबडले तर हसून म्हणाले, "बाई, तुम्ही कसं सांगता?" त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकींना अडचणी विचारायला लागलो. टाइमटेबलात आठवड्याला एक सामायिक ऑफ पिरियड ठेवा, नि त्यात प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा तास, लावू नका म्हणजे झालं!

– एक शिक्षिका, डिचोली